जुन्या जुनिपरचा वामनवृक्ष

जपानी बोनसायपरंपरेत सूचिपर्णी वृक्षांना मानाचे स्थान आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक पांढरा पाईन आहे. १९४५ च्या हिरोशिमावरील अणुहल्ल्यातून तो वाचला आणि १९७६ मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मात्र असे वृक्ष निसर्गतः उगवत नाहीत. पाईनला हिवाळ्यातील विश्रांती लागते, ती मुंबईत मिळत नाही. म्हणून अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या हौशी मंडळींची भिस्त चिनी जुनिपरवर असते. सुरू, अर्थात खडशेरणी, दिसावयास पाईनसारखी असली तरी ती सपुष्प वनस्पती आहे. तिच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या बारीक डहाळ्याच. तिला लावलेले छाटणीचे नियम जुनिपरला लावले, तर घात होतो.

रोपवाटिकेत किंवा एखाद्या गच्चीवर पंधरा-वीस वर्षे कुंडीत राहिलेला जुनिपर हाती आला, की कात्री उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुनिपरची मुळे कुजली तरी पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात. झाड गेल्याचे कळते तेव्हा उपाय उरलेला नसतो. फांद्यांच्या टोकांना फिकट हिरवी, ताजी वाढ दिसत असेल तरच काम हाती घ्यावे. नसेल, तर एक वर्ष केवळ ऊन, पाणी व खत द्यावे. सोसायटीच्या आवारातील, जमिनीत वाढलेले झाड उपटून आणण्याचा विचार मनात असल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक ठरते, हेही ध्यानात ठेवावे.

आकार देताना प्रथम बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने दूर करून मुळांचा पसारा उघडा करावा. बुंधा जेथे रुंद आणि वळणदार दिसेल, ती झाडाची दर्शनी बाजू. मग फांद्या निवडाव्यात. येथेच बहुतेकांची चूक होते. जुनिपरच्या पानेविरहित जुन्या लाकडातून सहसा नवे अंकुर फुटत नाहीत. त्यामुळे ठेवावयाच्या प्रत्येक फांदीवर हिरवळ राहिलीच पाहिजे. एकाच बैठकीत फार छाटल्यास झाड खवल्यांऐवजी टोचणारी, बालपणीची पाने काढू लागते. ही त्याची तक्रारच समजावी.

नको असलेली जाड फांदी बुंध्यापाशी न कापता थोडी ठेवून साल सोलतात. या वाळक्या खुंटाला जपानीत ‘जिन’ आणि बुंध्यावरील सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’ म्हणतात. शारी कोरण्यापूर्वी कोणत्या फांदीला सालीचा कोणता पट्टा रस पुरवितो, हे पाहावे. तो पट्टा तुटला की वरची फांदी वाळते. उघडे लाकूड टिकविण्यासाठी चुना व गंधक यांचे द्रावण लावतात. त्याचा दर्प कुजलेल्या अंड्यासारखा असतो, तेव्हा हा उद्योग बाल्कनीत न करता गच्चीवर करणे शेजारधर्माला धरून होईल.

तार गुंडाळण्याची व छाटणीची कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावीत. त्याच हंगामात कुंडी बदलू नये. मुळे आणि फांद्या दोन्हींवर एकदम घाव बसल्यास जुने झाड सहसा तग धरत नाही.

उपनगरांतील खरी परीक्षा पावसाळ्याची. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बागेच्या मातीऐवजी विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले खत असे निचऱ्याचे मिश्रण वापरावे. संततधारेत कुंडी एका बाजूने विटेवर टेकवून तिरकी ठेवली, की पाणी साचत नाही. बाल्कनीच्या जाळीत ऊन एकाच बाजूने येते, म्हणून दर आठवड्याला कुंडी फिरवावी. मार्च ते मे या काळात लाल कोळ्यांचा उपद्रव वाढतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटकल्यास सूक्ष्म हलणारे ठिपके दिसतात.

तार किती काळ ठेवावी, याबाबत जपानी पुस्तकांतील वेळापत्रक येथे उपयोगी पडत नाही. मुंबईच्या उष्ण हवेत वाढ थांबत नसल्याने ती काही महिन्यांतच सालीत रुतू लागते. दर पंधरा दिवसांनी पाहावे. रुतण्याची खूण दिसताच तार उलगडून न काढता तुकड्या-तुकड्यांनी कापून काढावी आणि फांदी मूळ जागी परतली, तर पुन्हा नव्याने गुंडाळावी.