कोळंबीतले पाणी

कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात सोडे घेताना ते महाग म्हणून आपण कुरकुरतो. पण ताज्या कोळंबीच्या मांसात शेकडा ७५ ते ८० भाग पाणीच असते. ते उन्हात उडवून दिल्यावर उरते त्याचा भाव आपण देतो. ठाण्याच्या खाडीपासून वसईपर्यंतच्या कोळणींनी हाच धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला. आपल्या देशाची सुकी कोळंबी एके काळी सिलोन-ब्रह्मदेशापर्यंत जात असे.

१९५३ साली कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस जाऊ लागली आणि हिशेब उलटला. आता माल पाण्यासकट विकायचा होता. परंतु गोठवलेली कोळंबी वितळताना पाणी सोडते, वजन घटते, मांस चिवट होते. त्यावर उपाय निघाला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचा. त्याच्या थंड, सौम्य द्रावणात सोललेली कोळंबी ठेवली की मांसातील प्रथिने पाणी धरून ठेवतात. येथवर यात लबाडी नाही; मात्रा बेताची असेल तर गिऱ्हाइकाचेही भलेच. पण भिजवण लांबली की बाहेरचे पाणीही आत शिरते आणि कोळंबीच्या भावाने विकले जाते. युरोपीय संघाने म्हणून, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या मापाने, किलोमागे ५ ग्रॅमची मर्यादा घातली आहे. चोरी पकडणे मात्र कठीण. कारण फॉस्फरस कोळंबीत मूळचाही असतो, आणि घातलेले फॉस्फेट साठवणीत मोडून त्याच्यासारखेच होते.

१९९७ साली अस्वच्छतेच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय मासळीची आयात काही काळ बंद केली. पुढे पाणी, बर्फ, हातमोजे, सारे तपासले जाऊ लागले. सोलणाऱ्या बायांच्या मजुरीचा काटा कोणी तपासला नाही. या कामासाठी केरळातून मुली महाराष्ट्र-गुजरातेत त्याआधीपासून येत होत्या; बर्फात दिवसभर हात घालून त्यांची बोटे सोलवटत.

डोंबिवलीहून शिळफाट्यापलीकडे, तळोज्याच्या बाजूस, एका कारखान्यात आम्ही तो काटा पाहिला. सोलणे उक्ते, मजुरी किलोवर. वजन सोलल्यानंतर आणि भिजविण्यापूर्वी, तेही माल चाळणीत निथळून. टाकीत वाढेल ते मालकाचे. आम्ही विचारले तेव्हा व्यवस्थापक हसून म्हणाले, "पाण्याची मजुरी मागता काय?" आम्ही म्हटले, "मजुरी नको, साहेब. भिजविण्याआधीचे आणि नंतरचे वजन लिहिलेली वही तेवढी दाखवा, म्हणजे दराचे बोलू."

वही आली नाही. आठवड्याने काट्याजवळची चाळणी बदललेली दिसली. नव्या चाळणीची भोके मोठी होती.