स्थपती, घरामी आणि कवी : 'श्यामली'च्या निमित्ताने

घर बांधू इच्छिणाऱ्याने वास्तुविशारदाकडे जावे की थेट मिस्त्रीकडे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा आहे. भारतीय भाषांच्या इतिहासात तो शब्दांचाही आहे. 'मयमत' आणि 'मानसार' या ग्रंथांत स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चौघे कर्ते सांगितले आहेत. त्यांच्यात अधिकाराची उतरंड आहे. तथापि आराखडा आणि हातकाम ही तेथे एकाच परंपरेची अंगे आहेत. आराखडा करणारा एक आणि भिंत उभारणारा दुसरा, ही फारकत व्यवसाय म्हणून पक्की झाली ती वसाहतकाळात. मुंबईत १९१७ साली वास्तुविद्यार्थ्यांची संघटना म्हणून सुरू झालेली संस्था १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली, ही त्या प्रक्रियेतील एक ठळक खूण होय.

भाषांनी ही फारकत आपापल्या परीने नोंदवली आहे. बंगालीत 'स्थापत्य' म्हणजे वास्तुकला. मराठीत 'स्थापत्य अभियांत्रिकी' म्हणताच तोच शब्द रस्ते आणि पूल बांधणाऱ्याकडे जातो आणि जुन्या स्थपतीच्या जागी 'वास्तुविशारद' उभा करावा लागतो. बंगालीत वीटकाम करणारा तो राजमिस्त्री, तर खेड्यात गवती छपराची घरे उभारणारा तो घरामी. 'घर' या शब्दापासूनच ज्याला नाव मिळाले, तो कारागीर वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत मात्र क्वचितच भेटतो.

शांतिनिकेतनच्या उत्तरायण परिसरातील रवींद्रनाथांची घरे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. कोणार्क आणि उदयन या घरांच्या रचनेत ज्यांचा हात प्रमुख होता, ते सुरेंद्रनाथ कर (१८९२–१९७०) मुळात चित्रकार. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते; १९२७ च्या जावा-प्रवासात ते रवींद्रनाथांबरोबर होते आणि तिकडे पाहिलेल्या रूपांचे पडसाद त्यांच्या कामात आढळतात. म्हणजे वास्तुविशारद की मिस्त्री, या निवडीला रवींद्रनाथांनी तिसराच पर्याय दिला, चित्रकाराचा. हा पर्याय त्यांना परवडला, कारण यजमान स्वतःच घराचा आराखडा मनात सतत बदलत होता आणि करारपत्राने बांधलेल्या व्यावसायिकाला असा यजमान पेलवला नसता.

१९३५ साली उभी राहिलेली 'श्यामली' मात्र वेगळ्या कसोटीची वास्तू ठरली. भिंतींप्रमाणे छतही मातीचेच असावे, असा आग्रह येथे होता. गवती छपराला आग लागते. मातीचे छत टिकले तर खेडुतांनाही तो मार्ग मोकळा होईल, हा त्यामागील विचार. घर थंड राहावे म्हणून बांधणीत मातीची मडकी बसविण्यात आली. रचना सुरेंद्रनाथांची, भिंतींवरील उठावशिल्पे नंदलाल बोस आणि कलाभवनातील विद्यार्थ्यांची, दारालगतच्या संथाळ आकृती रामकिंकर बैज यांच्या. घरामीची पिढीजात कला मात्र उतरत्या छपराची होती आणि बीरभूमचा पाऊस डोळ्यांपुढे ठेवूनच ती घडली होती. ते छप्पर वगळून भिंतीची माती तेवढी स्वीकारणे म्हणजे कारागिराचे अर्धेच ज्ञान घेणे होय. 'श्यामली'चा पुढील इतिहास बराचसा डागडुजीचा आहे, आणि एकविसाव्या शतकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला तिचे जतनकाम हाती घ्यावे लागले, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

याच सुमारास, १९३६ साली, वर्ध्याजवळच्या सेगावात (पुढचे सेवाग्राम) गांधीजींसाठी मातीचे घर बांधले जात होते. देखरेख मीराबेनची, साहित्य आणि हात आसपासच्या गावांतले. तेथेही भिंतींवर उठावाची नक्षी आली. परंतु कौलांचा उतार तसाच राहिला. दोन्ही घरे साधेपणाची म्हणून एकत्र उल्लेखिली जातात, पण सेगावात कारागिराचा शब्द छपरापर्यंत पोहोचला, 'श्यामली'त तो भिंतीपाशीच थांबला. १९४० च्या फेब्रुवारीत गांधीजी आणि कस्तुरबा याच 'श्यामली'त उतरले होते.

मातीचे लिंपण करणाऱ्या हातांची नावे कलेतिहासात चित्रकारांच्या नावांइतकी ठळक झाली नाहीत. अर्थात हा दोष एका शांतिनिकेतनचा नव्हे. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमानेही संरक्षण दिले ते प्रामुख्याने नावाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले की, निर्बंध 'आर्किटेक्ट' या उपाधीच्या वापरावर आहे, आराखडा करण्याच्या कामावर नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यापुढची एक गोष्ट अधिक रोचक वाटेल. घर १९३५ चे आणि 'श्यामली' हा काव्यसंग्रह १९३६ चा. येथे वास्तूने पुस्तकाला नाव दिले. त्याच १९३६ साली कवी शेजारच्या नव्या घरात राहावयास गेला. त्या घराचे नाव 'पुनश्च', आणि त्याच नावाचा काव्यसंग्रह १९३२ चा. त्यानंतर 'उदीची' बांधून झाली.