सहा जोडप्यांची अडलेली साखळी

सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की परंदवडी लागतं. आमच्या इमारतीमागे सिमेंटचं एक बॅडमिंटनचं मैदान आहे. मावळातला वारा मोकळा, पिसांचं फूल त्यात टिकत नाही, म्हणून आम्ही नायलॉनच्या फुलानं खेळतो. रविवारी सकाळी सहा जोडपी जमतात आणि मिश्र दुहेरीचे सामने होतात.

सुरुवातीला नवरा-बायको एका बाजूला असायचे. त्यामुळे जी जोडी तरबेज ती दर रविवारी जिंकायची आणि जी नवखी ती दर रविवारी हरायची. दोन महिन्यांत नवख्यांचं येणं कमी झालं. तेव्हा ठरलं की जोड्या बदलत्या ठेवायच्या. अटीही सगळ्यांनी मिळून ठरवल्या. नवरा-बायको एका बाजूला नकोत आणि समोरासमोरही नकोत. प्रत्येक पुरुषानं बाकीच्या प्रत्येक बाईबरोबर एकदा खेळावं आणि तिच्याविरुद्ध एकदा. कुठलेही दोन पुरुष एकदाच समोरासमोर यावेत, कुठल्याही दोन बायकाही एकदाच. सहा जोडप्यांचे पंधरा सामने होतात. वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं.

वहीत सामने मांडायला बसलो. पहिले आठ-दहा सहज बसले आणि पुढे प्रत्येक वेळी गाडी अडली. कुणीतरी दोघी दुसऱ्यांदा समोर येत, नाहीतर कुणालातरी आधीचाच जोडीदार मिळे. तीन रविवार असे गेले. मग ही मांडणी मुळात आली कुठून, हे शोधायला लागलो आणि तिची कुळकथा माझ्या वहीपेक्षा कितीतरी जुनी निघाली.

आधी खेळाचंच पाहू. बॅडमिंटनचं एक मूळ आमच्या शेजारीच आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी जाळ्यावरून फूल टोलवण्याचा खेळ खेळत. त्याचे सुरुवातीचे नियम तिथेच बांधले गेले आणि काही काळ खेळाचं नावच ‘पूना’ होतं. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधल्या एका हवेलीवरून आलं. १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा तिच्यात एकेरी सामने नव्हतेच. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच प्रकार होते. एकेरी पुढच्या वर्षी आली. म्हणजे या स्पर्धेच्या पहिल्या पानावरच जोडी आहे. पुण्यानं नंतर या खेळाला खेळाडूही दिले. क्रिकेटमहर्षी दि. ब. देवधरांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. साडी-पोलक्याच्या काळात मराठी घरातल्या बायका मैदानात उतरल्या. आज आमच्या मैदानावर वहिनी रॅकेट घेऊन सहज येतात, त्यामागे त्यांचं ते उतरणंही आहे.

आता शब्दाकडे येऊ. ज्या पद्धतीत प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो, तिला आपण साखळी सामने म्हणतो. जो हरला तो घरी, ती बाद पद्धत. इंग्रजीत साखळीला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात. या शब्दाचा खेळाशी मुळात काही संबंध नव्हता. अठराव्या शतकात ब्रिटिश गलबतांवरचे खलाशी कप्तानाकडे तक्रारअर्ज करत, तेव्हा सह्या एकाखाली एक न करता गोलाकार करत. पहिली सही कुणाची हे कळलं नाही, की म्होरक्या म्हणून कुणा एकाला शिक्षा करता येत नाही. त्या गोल अर्जाचं नाव राउंड रॉबिन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते टेनिसच्या सामन्यांना चिकटलं. पहिला कोणी नाही आणि शेवटचा कोणी नाही, हा अर्थ दोन्हीकडे तोच आहे. आपला साखळी हा शब्दही त्याच जातीचा आहे. साखळीची एक कडी निखळली की साखळी उरत नाही.

गोलात फिरण्याची ही कल्पना गणितात मुलांच्या खेळांतूनही आली. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यानं १८८३ मध्ये मनोरंजक गणितावरच्या आपल्या ग्रंथात एक कोडं घातलं. मुलं हात धरून फेर धरतात. दर फेराला प्रत्येकाचे दोन्ही शेजारी नवे हवेत आणि शेवटी प्रत्येकजण प्रत्येकाचा शेजारी होऊन गेलेला हवा. हे फेर कसे धरायचे? उत्तराचं श्रेय त्यानं वॉलेकी नावाच्या गणित्याला दिलं. एकाला मधोमध ठेवायचं, बाकीच्यांना गोलात, सगळ्यांना नागमोडी रेषेनं जोडून फेराचा क्रम ठरवायचा, आणि दर वेळी गोल एक घर पुढे सरकवायचा. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट नकोत. भोंडल्यात पाटावर हत्ती मधोमध असतो आणि मुली भोवती फिरतात. आजही एकेरीच्या साखळी सामन्यांचं वेळापत्रक याच रीतीनं होतं. एक नाव जागेवर, बाकीची एकेक घर सरकतात.

दुहेरीत मात्र एवढ्यानं भागत नाही. इथे चौघं एकदम मैदानात येतात आणि प्रत्येकाचं प्रत्येकाशी असलेलं नातं दोन प्रकारचं असतं, बरोबरचं आणि समोरचं. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी जुळवायचे असतात. पत्त्यांच्या व्हिस्ट या खेळात हीच अडचण होती. अमेरिकन गणिती ई. एच. मूर यानं १८९६ मध्ये व्हिस्टच्या स्पर्धांची मांडणी गणित म्हणून अभ्यासली. प्रत्येकजण प्रत्येकाचा भिडू एकदा आणि प्रतिस्पर्धी दोनदा, असा तो नियम. आमच्या वेळापत्रकाच्या अटी थोड्या वेगळ्या आहेत, नवरा-बायकोची अटही त्यात आहे, पण अडचण त्याच जातीची. आणि आमच्या अटी थेट लष्करी अधिकाऱ्यांच्या एका जुन्या कोड्यापाशी जाऊन पोचतात.

गणिती लेओनार्ड ऑयलर यानं १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत ते मांडलं आणि १७८२ मध्ये छापलं. सहा पलटणी आहेत, प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी निवडले, एकूण छत्तीस. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत सगळ्या पलटणी आणि सगळे हुद्दे एकेकदाच येतील. सुडोकू सोडवणाऱ्याला हा नियम ओळखीचा वाटेल. फक्त इथे एकाच चौकटीत दोन सुडोकू एकावर एक ठेवलेले आहेत, आणि कुठलीही पलटण-हुद्द्याची जोडी दोनदा येऊन चालत नाही. ऑयलरला मांडणी सापडली नाही. अल्जीरियात फ्रेंच सरकारी नोकरीत असलेल्या गास्तों तारी यानं १९०० च्या सुमारास एकेक शक्यता तपासून दाखवून दिलं, की अशी मांडणी नाहीच.

याचा आमच्या मैदानाशी संबंध काय, ते वहीवरच दिसतं. पुरुषांची नावं डावीकडे लिहा, तीच नावं वरही लिहा. तिसरा पुरुष पाचव्याशी खेळतो, तेव्हा तिसऱ्याच्या बाजूला कोण बाई आहे तिचं नाव तिसऱ्या आडव्या आणि पाचव्या उभ्या रांगेच्या घरात घाला. पाचव्याची जोडीदारीण पाचव्या आडव्या आणि तिसऱ्या उभ्या रांगेत. कर्णावर प्रत्येकाची स्वतःची बायको. प्रत्येकाला प्रत्येक जोडीदारीण एकदाच हवी, म्हणून आडव्या रांगेत नाव पुन्हा येत नाही. प्रत्येकीविरुद्ध एकदाच खेळायचं, म्हणून उभ्या रांगेतही येत नाही. दोन बायका समोरासमोर एकदाच, याचा अर्थ हा तक्ता आणि कर्णावर उलटवलेला तोच तक्ता एकमेकांवर ठेवले, तर कुठलीही जोडी दुसऱ्यांदा दिसता कामा नये. एका तक्त्यातून पलटण घ्या, दुसऱ्यातून हुद्दा. ऑयलरचे छत्तीस अधिकारी परंदवडीच्या मैदानात उभे आहेत. सहा जोडप्यांचं वेळापत्रक झालं असतं, तर ते कोडंही सुटलं असतं. ते सुटत नाही, म्हणून तीन रविवार माझी वही अडत होती.

ऑयलरनं पुढे जाऊन एक अंदाज बांधला होता. चारनं भागल्यावर दोन उरतात अशा कुठल्याच संख्येला, म्हणजे १०, १४, १८ यांनाही, अशी मांडणी नसणार. एवढ्या मोठ्या गणित्याचा अंदाज १७७ वर्षं कुणाला मोडता आला नाही. तो मोडणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता, शरदचंद्र शंकर श्रीखंडे. १९१७ मध्ये सागर इथे जन्म, नागपुरात शिक्षण, पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० मध्ये डॉक्टरेट. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चा चौरस रचून अंदाजाला पहिला तडा दिला. अर्नेस्ट पार्कर यानं १० चा चौरस दिला. मग तिघांनी मिळून दाखवलं, की २ आणि ६ सोडून बाकी सगळ्या संख्यांसाठी मांडणी आहे. २६ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. श्रीखंडे नंतर मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. आपल्याकडे त्यांचं नाव गणिताच्या वर्गाबाहेर फारसं पोचलेलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ते शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

शेवटची कडी १९७४ ची. ब्रेटन, कॉपरस्मिथ आणि हॉफमन या तीन अमेरिकन गणित्यांनी थेट आमच्यासारख्याच मिश्र दुहेरीचा प्रश्न घेतला, नवरा-बायकोच्या अटीसकट, आणि तो कायमचा सोडवला. दोन, तीन आणि सहा जोडपी सोडली तर कितीही जोडप्यांचं वेळापत्रक होतं.

चार जोडप्यांचं तर एका चिठ्ठीवर मावतं. पुरुषांना आणि त्यांच्या बायकांना एकच क्रमांक द्या. पहिली फेरी: पुरुष १ व बाई ३ विरुद्ध पुरुष २ व बाई ४, पुरुष ३ व बाई १ विरुद्ध पुरुष ४ व बाई २. दुसरी फेरी: पुरुष १ व बाई ४ विरुद्ध पुरुष ३ व बाई २, पुरुष २ व बाई ३ विरुद्ध पुरुष ४ व बाई १. तिसरी फेरी: पुरुष १ व बाई २ विरुद्ध पुरुष ४ व बाई ३, पुरुष २ व बाई १ विरुद्ध पुरुष ३ व बाई ४. सहा सामन्यांत आमच्या सगळ्या अटी पुऱ्या होतात. हवं तर बोटांवर मोजून पाहा.

पाच आणि सात जोडप्यांना तर चिठ्ठीही नको. क्रमांक घड्याळासारखे गोलात मांडा. समोरचा पुरुष तुमच्यापासून जितकी घरं पुढे, तितकीच घरं उलट्या दिशेला मोजा. तिथली बाई तुमची जोडीदारीण. सात जोडप्यांत ३ आणि ५ खेळणार असतील, तर पाच हा तीनच्या दोन घरं पुढे आहे, म्हणून तीनबरोबर दोन घरं मागची, म्हणजे १ क्रमांकाची बाई. पाचपासून तीन हा दोन घरं मागे, म्हणून पाचबरोबर दोन घरं पुढची, ७ क्रमांकाची. दोननं किंवा तीननं भाग न जाणाऱ्या प्रत्येक संख्येला हीच रीत चालते.

हे कळल्यावर आम्ही सातवं जोडपं शोधलं. फार शोधावं लागलं नाही. तळमजल्यावरचे काका-काकू दर रविवारी कठड्याशी खुर्च्या टाकून आमचा खेळ बघत. पूर्वी दोघंही खेळत होते, पण इथे आल्यावर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं. पुढच्या रविवारी काकू पांढरे बूट घालून आल्या आणि त्यांच्या पहिल्याच सर्व्हिसला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता एकवीस सामने होतात, अकरा गुणांचा एकेक डाव. या रीतीत दर फेरीला एक अख्खं जोडपं मोकळं राहतं. तेच गुण मोजतं आणि मुलांकडे बघतं. सात फेऱ्यांत ती पाळीही प्रत्येकावर एकदाच येते. तरबेज माणूस नवख्याबरोबर खेळतो, नवखा कधीतरी जिंकून घरी जातो, आणि येणं बंद केलेले दोघं पुन्हा यायला लागले. सगळ्यांना सारखं मिळावं असं नुसतं वाटून भागत नाही, त्याची मांडणी करावी लागते. ती आमच्या खांबावर खडूनं लिहिलेली असते. सात आकडे, गोलात.