प्रशस्ती खरी, ताम्रपट खोटा

वसई तालुक्यातील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या हाती दगडाचा एक फुटका तुकडा आला. त्यावरची ब्राह्मी अक्षरे अशोकाच्या आठव्या शिलालेखातील निघाली. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. हे तुकडे बनावट असतील अशी शंका घेण्याचे कारण पडले नाही. अक्षरांचे वळण त्या काळाचे, मजकूर गिरनारसारख्या ठिकाणच्या लेखांशी जुळणारा. शिवाय त्या तुकड्याच्या जोरावर कोणाला गाव किंवा जमीन मिळणार नव्हती.

ताम्रपटाचे तसे नाही. तो जमिनीच्या मालकीचा कागदच, फक्त तांब्यावरचा. त्यामुळे खोटे ताम्रपट फार जुन्या काळापासून होत आले. त्यांना ‘कूटशासन’ असा शब्द आहे आणि मनुस्मृतीत ते करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. हर्षवर्धनाचा इ. स. ६३१ चा मधुबन येथील ताम्रपट तर सरळ सांगतो की, सोमकुंडका हे गाव वामरथ्य नावाचा ब्राह्मण कूटशासनाच्या आधारे उपभोगत होता. राजाने तो पत्रा मोडून गाव दुसऱ्यांना दिले.

खोटा ताम्रपट करणारा काय करीत असे? खऱ्या ताम्रपटातील राजाची प्रशस्ती तो जशीच्या तशी उतरवून घेई. म्हणजे सर्वांत लांब आणि भारदस्त भाग अस्सलच असे! आपली लबाडी तो शेवटच्या चार ओळींत घाली: अमुक गाव, अमुक माणसाला, अमुक तिथीला. आज संगणकावर येणारी स्पॅम पत्रे याच वळणाची असतात. ‘आपले लेखन फार आवडले, अतिशय उपयुक्त माहिती’ हे वाक्य कोणा खऱ्या वाचकाच्या पत्रातून उचललेलेही असू शकते. पण ते कोणत्याही लेखाला चिकटवता येते. काय आवडले ते त्यात नसते. खरी गोम खाली दिलेल्या दुकानाच्या पत्त्यात असते. तेव्हा प्रशस्ती कितीही बारकाईने वाचली तरी निर्णय लागत नाही. तपासायचा तो तपशील.

कोल्हापूरजवळच्या आळते येथील ताम्रपट घ्या. तो १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. चालुक्य राजा पहिला पुलकेशी याच्या काळातील, जैन मंदिराच्या दानाचा, शक ४११ चा (इ. स. ४८९) असे तो स्वतःबद्दल सांगतो. परंतु याच राजाचा बदामीच्या कड्यावरील लेख शक ४६५ चा (इ. स. ५४३) आहे आणि त्याचा मुलगा गादीवर आला तो सुमारे ५६७ मध्ये. दोन्ही खरे मानले तर पुलकेशीने सुमारे पाऊणशे वर्षे राज्य केले म्हणावे लागेल. त्यात लिपी काही शतके नंतरची. नुसती लिपी नंतरची असती, तर झिजलेल्या पत्र्याची पुढे केलेली प्रामाणिक नक्कल म्हणून तो सुटला असता. सन मात्र त्याला सोडत नाही.

तिथी-वार तपासण्याचे काम आपल्याकडे एका शिक्षकाने फार पुढे नेले. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) शाळेत शिकवता शिकवता जुन्या लेखांतील तिथींचे गणित करीत. फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्त लेखसंग्रहाला त्यांच्या गणिताचा आधार होता, आणि १८९६ मध्ये त्यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मनाने तिथी ठोकणाऱ्याचा वार सरासरी सातांतून एकदाच जुळतो. संवत्सराचे नाव जुळणे साठांत एकदा, पण ते बोटांवर मोजून काढता येते, म्हणून त्याचे कौतुक कमी करावे. वार कित्येक शतके मागे मोजत नेणे बरेच अवघड.

एकेक खूण दुबळी; अनेक खुणा मिळून वजन वाढते. स्पॅम चाळण्याची पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत याच हिशोबाची आहे: प्रत्येक शब्द नको असलेल्या पत्रांत किती वेळा आणि हव्या असलेल्या पत्रांत किती वेळा येतो ते मोजायचे आणि सगळ्यांचा एकत्र निकाल काढायचा. या चाळणीत कधी कधी स्नेह्याचे पत्रही अडकते. आमचीही अशी काही पत्रे महिनाभराने हाती लागली.

फ्लीट यांच्याकडूनही असे झाले, असे आम्हाला वाटते. १९०१ मध्ये त्यांनी खोट्या लेखांची लांबलचक यादी छापली. कर्नाटकातील गंग राजांचे ताम्रपट त्यांनी सरसकट संशयित ठरवले होते, बी. एल. राइस यांनी त्यांची बाजू घेतली आणि दोघांचा वाद बरीच वर्षे चालला. खऱ्या लेखकाचाही वार चुकतो, कारागीरही अक्षर गाळतो. त्या ताम्रपटांपैकी काही पुढच्या अभ्यासकांनी अस्सल म्हणून परत घेतले.