श्रोतृमंडळ ते भोंगा

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मुळात एकाच जुन्या सातारा जिल्ह्यातले. संस्थाने विलीन झाल्यानंतर 1949 मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. मधोमध कृष्णाकाठची उसाची काळी जमीन, पश्चिमेला कोयना आणि वारणा खोऱ्यांतले डोंगर, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे पावसाने कायम हुलकावणी दिलेले तालुके. दवाखाना, कॉलेज, कचेरी, बँक या साऱ्या गोष्टी सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या चार-पाच ठिकाणी एकवटलेल्या, आणि माणसे मात्र वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. हे अंतर तारेने, ध्वनिलहरींनी आणि पुढे संगणकाने कमी करण्याचे प्रयत्न या भागात 1956 पासून होत आले आहेत. ‘डिजिटल’ हा शब्द त्यांतल्या पहिल्या प्रयत्नानंतर कितीतरी वर्षांनी आला.

तो पहिला प्रयत्न रेडिओचा होता. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 1953 मध्ये सुरू झाले होते. कॅनडात 1941 पासून शेतकऱ्यांचे गट ठरल्या वेळी एकत्र बसून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले म्हणणे केंद्राला लिहून कळवत. हीच पद्धत भारतात चालेल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावे त्यासाठी निवडली गेली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे आणि ग्रामपंचायतीचे.

कार्यक्रम संपला की खरे काम सुरू होई. ऐकलेले आपल्या गावात लागू पडते का, यावर वाद होत. चिटणीस चर्चेचा गोषवारा आणि मंडळाचे प्रश्न पुण्याला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांतल्या काहींची उत्तरे मिळत. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली केले. न्यूराथ यांनी तुलना नेमकी योजली. श्रोतृमंडळ असलेल्या गावांबरोबरच, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओच नाही अशी गावेही त्यांनी तपासली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडलेला नव्हता. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते, एकत्र बसण्याची बैठक तेवढी एकीकडे होती. पुढे तंत्रज्ञानाच्या नावाने या भागात जे जे आले, त्याची परीक्षा या एका निष्कर्षावर करता येते, आणि ती करण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली नाही हेही खरे.

1959 मध्ये श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली. संख्या हजारोंच्या घरात गेली, पण मंडळांना भेटी देणारे, त्यांची पत्रे वाचणारे कर्मचारी त्या प्रमाणात वाढले नाहीत आणि पुष्कळ मंडळे कागदावरच राहिली. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिच्यात यंत्र कसलेच नव्हते. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना काही महिन्यांत लिहायला-वाचायला शिकवायचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, एवढीच तिची रचना. ती इतकी रुजली की पुढे राज्याने ती इतर जिल्ह्यांत नेली. 1956 च्या प्रयोगातून वगळल्या गेलेल्या दक्षिणेकडच्या जिल्ह्याला 1963 मध्ये सांगलीचे स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले.

संगणक खेड्यात आला तो उसाच्या वाटेने. वारणा नदी बऱ्याच अंतरापर्यंत सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा आहे. तिच्या कोल्हापूरकडच्या काठावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. त्याच्याभोवती दूध संघ, वारणा बाजार, शाळा, इंजिनिअरिंग कॉलेज असे वारणानगर वाढत गेले. कारखान्याचे सभासद मात्र दोन्ही काठांवरचे, म्हणजे शिराळा-वाळव्याकडचेही. 1998 मध्ये माहिती तंत्रज्ञानासाठी पंतप्रधानांनी नेमलेल्या कृतिदलाच्या काळात ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प येथे आखला गेला. दोन्ही जिल्ह्यांतील मिळून 70 गावे त्यात होती. खर्चाचा 50 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा आणि 10 टक्के वारणा समूहाचा. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळली.

गावोगाव एक संगणक, एक प्रिंटर आणि तो चालवणारा गावातलाच तरुण अशी केंद्रे उघडली गेली आणि ती वारणानगरच्या मुख्य संगणकाशी जोडली गेली. योजनेच्या कागदांत बरेच काही होते: बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे, रोजगाराची माहिती, आरोग्याची माहिती, दूरशिक्षण. प्रत्यक्षात केंद्रावर गर्दी झाली ती एकाच कामासाठी, उसाच्या.

हे समजण्यासाठी ऊस उत्पादकाची अडचण पाहावी लागते. लागणीची नोंद कोणत्या तारखेला झाली, त्यावर तोडीची पाळी ठरते. पाळी लांबली की उभ्या उसाचे वजन घटते, तुरे येतात आणि पुढच्या पिकाचे शेतही अडकून पडते. टोळी आली, ऊस तुटला, गाडी काट्यावर गेली, की वजन किती भरले हा प्रश्न. मग बिल जमा झाले का, कापून किती घेतले, सोसायटीत खत आले का. यांतल्या एकेका प्रश्नासाठी शेतकऱ्याला गट ऑफिस नाहीतर थेट कारखाना गाठावा लागे, तेथे चिटबॉयच्या आणि कारकुनाच्या सवडीने थांबावे लागे. संगणकाने हा हेलपाटा वाचवला. पाळीची तारीख आणि काट्यावरचे वजन गावातच छापील पावतीवर मिळू लागले. काट्याबद्दलचा संशय हा ऊसपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विषय. त्या संशयापोटी चार जणांत पुन्हा पुन्हा होणारी विचारपूस पावतीमुळे सोपी झाली, हाच या प्रकल्पाचा सर्वांत ठोस फायदा म्हणावा लागेल.

मर्यादाही तेथूनच सुरू होत. केंद्र कारखान्याच्या व्यवहाराचे, तेव्हा ज्याच्या नावावर ऊस नाही त्याचे तेथे काही काम नव्हते. शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी आणि बहुतेक बायका त्या संगणकासमोर उभ्या राहिल्याच नाहीत. दूरशिक्षण आणि आरोग्यमाहिती यांसाठी मराठीतला मजकूर कोण तयार करणार, तो अद्ययावत कोण ठेवणार, याची तरतूद नव्हती. विजेचे जाणे-येणे आणि जुनी होत जाणारी यंत्रे हा नेहमीचा खर्च वेगळाच.

मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसले, की महागडा संगणक दिवसभरात पाठवतो-आणतो ती माहिती अगदी थोडी असते. मग एवढ्यासाठी संगणक हवाच कशाला? सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि लघुसंदेश वापरून पाहिले. शेतकऱ्याने आपला क्रमांक घालून संदेश पाठवायचा, कारखान्याकडून वजन किंवा खताचा हिशेब उलट संदेशाने यायचा. काम तेवढेच झाले आणि खर्च पुष्कळ कमी झाला. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘वायर्ड’ म्हणून गाजलेल्या गावांत त्याचे नाव ‘वारणा अनवायर्ड’ ठेवले गेले, यातली थट्टा अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नसावी.

दुष्काळी पट्ट्यात गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू झाली. माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक बायका सही न करता अंगठा उठवतात म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवण्याची त्यांची तयारी होती. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. पुढे दारात जाऊन व्यवहार करण्यासाठी कार्ड आणि गुप्त क्रमांक यांची पद्धत आली तेव्हा बायकांनीच हरकत घेतली. क्रमांक कोणीही काढून घेईल, अंगठा कसा चोरणार, असे त्यांचे म्हणणे. बँकेने अंगठ्याच्या ठशावर चालणारी पद्धत स्वीकारली. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला. याच संस्थेचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 मध्ये सुरू झाले. त्यावर माणदेशी बोलीत आरोग्य, शेती आणि ओव्या यांचे कार्यक्रम होतात.

आरोग्याच्या बाबतीत या भागाची परंपरा मोठी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि रेल्वेच्या जंक्शनमुळे कर्नाटकापासून रुग्ण तेथे येऊ लागले. 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. डॉक्टर एका गावात आणि रुग्ण दहा तालुक्यांत, हा पेच मात्र मिरजेच्या लौकिकाने सुटला नाही, उलट तो अधिक उठून दिसला. इस्रोच्या उपग्रहामार्फत राज्याने दूरवैद्यकाचा पहिला टप्पा हाती घेतला, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या मोजक्या जिल्हा रुग्णालयांत साताऱ्याचा समावेश होता. क्ष-किरण चित्रे, हृदयालेख, तपासण्यांचे अहवाल आधी पाठवायचे आणि ठरल्या वेळी दोन्हीकडचे डॉक्टर पडद्यावर समोरासमोर बसायचे, अशी रीत. निदानाच्या शंकेसाठी मुंबईची खेप वाचली. शस्त्रक्रिया लागली तर खेप होतीच. शिवाय उपग्रहाची जोडणी चोवीस तास असली तरी केईएमच्या बाह्यरुग्ण विभागातली गर्दी सोडून तज्ज्ञ पडद्यासमोर किती वेळ बसणार, हा प्रश्न अवकाशातून सुटण्यासारखा नव्हता.

त्यामानाने 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने सामान्य माणसाच्या आयुष्यात मोठा फरक केला. 2014 पासून राज्यभर सुरू झालेल्या या सेवेत फोन, नकाशा आणि गाडी या तिन्ही गोष्टी एका साखळीत आल्या. केंद्राची ई-संजीवनी नोव्हेंबर 2019 मध्ये डॉक्टर ते डॉक्टर सल्ल्यासाठी आणि एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, थेट रुग्णांसाठी खुली झाली. तिचा ग्रामीण भागातला कणा म्हणजे उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी. तो रुग्णाला तपासतो, लक्षणे नोंदवतो आणि पडद्यावरच्या डॉक्टरला सांगतो. श्रोतृमंडळाचा चिटणीस जे करत होता, त्याच्याच जातकुळीचे हे काम.

शाळांचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण येथे दोन प्रवाह एकाच वेळी आले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. वर्गाच्या फरशीवर आखलेली चौकटी-वर्तुळे, खडे, काड्या, अंकपत्ते आणि गटागटाने बसलेली मुले, असे ते वर्ग. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला येऊ लागले. दुसरीकडे ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी पडदा, प्रोजेक्टर आणि टॅबलेट आणून ‘डिजिटल शाळा’ दाखवली. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर दोन्ही नमुने एकदमच गावोगाव पोहोचले.

सातारा-सांगलीत लोकवर्गणीची सवय जुनी. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे मूठमूठ धान्यावर चालली होती. त्यामुळे प्रोजेक्टर आणि दूरचित्रवाणी संच घेणे गावांना अवघड गेले नाही, गणेशमंडळांनी आणि मुंबईकर चाकरमान्यांनी हात सैल सोडला. पण वर्गणी वस्तूसाठी निघते, वीजबिलासाठी निघत नाही. बिल थकल्याने जोडणी तोडलेल्या शाळा राज्यभर होत्या. अशा शाळेत पडदा भिंतीला राही आणि शिक्षक फरशीवरच्या आकृत्यांकडे वळत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड छापण्याची कल्पना वापरली आणि ती राज्याच्या पुस्तकांत आली. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या कल्पनेचे बळ तिच्या साधेपणात होते, कारण पुस्तक मुलाच्या दप्तरात असतेच. मोबाइल मात्र घरात असावा लागे.

तो असावा लागतो, हे मार्च 2020 नंतर सर्वांनाच कळले. शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सअॅपवर येऊ लागला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एका मोबाइलवर दोन-तीन भावंडे, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला. पाटण-जावळीच्या डोंगरात रेंज शोधत टेकाडावर चढणारी मुले. आणि जेथे मोबाइल मिळाला तेथे शाळा उघडल्यावरही तो हातातून सुटेना.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने त्यावर 14 ऑगस्ट 2022 रोजी निर्णय घेतला. विषय महिलांच्या ग्रामसभेत मांडला गेला, सरपंच विजय मोहिते यांनी तो लावून धरला. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे ठरले. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलत बसायचे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून भोंगा पाळला जातो का ते पाहू लागले. सुरुवातीला हसण्यावारी नेणारेही होते. गावाची बातमी देशाबाहेरच्या माध्यमांपर्यंत गेली.