वऱ्हाड, वेगवान रेल्वे आणि फाट्याचा प्रश्न

१/ अमरावतीच्या राजापेठेतून जाणारा लोहमार्ग मुख्य मार्ग नाही. तो बडनेऱ्याहून निघालेला सुमारे १० किलोमीटरचा फाटा आहे. मुंबई–नागपूर अतिजलद रेल्वे झालीच, तर तिच्यातून वऱ्हाडाला काय मिळेल, या प्रश्नाचे उत्तर या फाट्याच्या इतिहासात दडलेले आहे. त्याचाच हा धागा.

२/ सुरुवात १८५३ पासून. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. २० एप्रिलला लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानातील रेल्वेजाळ्याविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. २१ मे रोजीच्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. अवघ्या पाच आठवड्यांत रेल्वेचा आराखडा आणि कापसाचा मुलूख एकाच सत्तेच्या हाती आला.

३/ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अकोला या मार्गावर आले. अमरावती आणि खामगाव या कापसाच्या मोठ्या पेठा मात्र बाजूला राहिल्या. तेव्हा सरकारने स्वतः फाटे बांधले: जलंब–खामगाव १८७० मध्ये, बडनेरा–अमरावती १८७१ मध्ये. खामगावच्या फाट्यासाठी तर खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता.

४/ एवढी तत्परता का? अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडाचे मोल साम्राज्याला कळले. शिवाय हे फाटे मुख्य मार्गाच्याच रुंदीचे, म्हणजे १६७६ मिलिमीटरचे होते. अमरावतीत भरलेली वाघीण वाटेत रिकामी न करता थेट मुंबईला नेता येत होती.

५/ दुसरा धडा मूर्तिजापूरचा. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा मार्ग झाला. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. तिचे रूळ मात्र ७६२ मिलिमीटरचे. त्यामुळे मूर्तिजापुरात प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे, प्रत्येक प्रवाशाला गाडी बदलावी लागे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. आज ही गाडी बंद आहे.

६/ आता वर्तमान. मुंबई–नागपूर अतिजलद मार्गाची २०२१ मध्ये पुढे आलेली प्राथमिक रूपरेषा सुमारे ७४१ किलोमीटरची आहे. तीत वर्धा, पुलगाव, कारंजा लाड, मालेगाव जहाँगीर, मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर, शिर्डी, नाशिक अशी नावे आहेत. अमरावती नाही. अकोलाही नाही. म्हणजे १८६७ मध्ये मार्गावर असलेले शहरही या वेळी बाजूला राहते.

७/ हा निव्वळ अन्याय म्हणून सोडून देता येत नाही. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या गाडीला सरळ मार्ग, अतिशय रुंद वळणे आणि मोजकेच थांबे लागतात. प्रत्येक गावाला थांबा दिला, तर वेग केवळ नावापुरता उरेल. थांबा कोणाला, हा एक प्रश्न झाला. थांब्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा त्याहून मोठा.

८/ जपानची शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. योकोहामासाठी शहराच्या जुन्या भागाबाहेर शिन-योकोहामा हे नवे स्थानक बांधले, पण ते जुना स्थानिक लोहमार्ग जिथे छेदतो तिथेच. उलट फ्रान्समधील ऑत-पिकार्दी हे स्थानक आमियाँ आणि सँ-कँतँ या दोन शहरांच्या मध्ये, शेतात उभे राहिले. तिथे जोडणारी स्थानिक रेल्वे नव्हती. लोकांनी त्याला ‘बीटाचे स्थानक’ म्हणून हिणवले.

९/ आपल्याकडे अडचण आणखी एक. फ्रान्सची वेगवान गाडी जुन्या रुळांवरही धावते, कारण दोन्हींची रुंदी एकच. मुंबई–अहमदाबाद अतिजलद मार्ग मात्र १४३५ मिलिमीटरचा आहे आणि आपले जुने रूळ १६७६ चे. नागपूरचा मार्गही तसाच झाला, तर ती गाडी बडनेऱ्याच्या रुळांवर कधीच येऊ शकणार नाही. प्रत्येक जोडस्थानक हे नवे मूर्तिजापूर असेल.

१०/ म्हणून नकाशात कारंजा लाड नीट पाहावे. हे गाव शकुंतलेच्या जुन्या मार्गावर आहे आणि तो मार्ग मूर्तिजापूरला, म्हणजे अकोला–बडनेरा या मुख्य मार्गाला मिळतो. तो रुंद झाला आणि अतिजलद स्थानक त्याच्याच फलाटाला लागून उभे राहिले, तर अकोला व अमरावती दोन्ही जोडली जातील. स्थानक गावाबाहेर महामार्गालगत एकटेच उभे राहिले, तर तेही ‘बीटाचे स्थानक’ होईल. आपल्याकडे फार तर कपाशीचे.

११/ अतिजलद मार्ग अजून कागदावर आहे, आणि मागणी करण्याची वेळ हीच असते. वऱ्हाडाने मागायचे ते केवळ थांब्याचे नाव नव्हे. थांब्यासोबत त्याच दिवशी सुरू होणारा फाटा. मुख्य मार्ग नागपूरला पोहोचल्यावर चार वर्षांत अमरावतीला फाटा मिळाला, तो कापसाच्या गाठींसाठी. माणसांसाठी तेवढी घाई करायला आपल्याला कोणत्या युद्धाची वाट पाहायची आहे?