ॲसटीग बेटावरील कॅम्पिंग

ॲसटीग हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेले सुमारे ६० किमी. लांबीचे वाळूचे चिंचोळे बेट. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला उथळ खाडी. कोकणात देवबागला कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधला वाळूचा दांडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बेटाच्या ठेवणीची कल्पना येईल. मात्र ॲसटीग दोन्ही टोकांना सुटे आहे आणि त्यावर गाव नाही. मुख्य भूमीला समांतर राहून समुद्राचा मार स्वतःवर घेणाऱ्या अशा बेटांना अवरोधक बेटे म्हणतात.

तंबू ठोकून राहण्याची सोय फक्त मेरीलँडच्या बाजूला आहे. तेथील मोठा भाग ‘ॲसटीग आयलंड नॅशनल सीशोर’ म्हणून अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा सांभाळते; त्यालाच लागून मेरीलँड राज्याचे ॲसटीग स्टेट पार्क आहे. व्हर्जिनियाकडचा बहुतेक भाग १९४३ मध्ये स्थापन झालेल्या शिंकोटीग वन्यजीव आश्रयस्थानात येतो. तेथे दिवसा फिरता येते, मुक्काम करता येत नाही.

या बेटावर आज सर्वसामान्यांना राहता येते, ते एका वादळामुळे. १९५० च्या दशकात मेरीलँडकडच्या वाळूत हजारो भूखंड आखून विकले गेले होते. ‘बाल्टिमोर बुलेव्हार्ड’ नावाचा डांबरी रस्ताही वाळूच्या टेकड्यांमागून नेला होता. मार्च १९६२ मध्ये ईशान्येचे वारे घेऊन आलेले वादळ किनाऱ्यावर ठाण मांडून बसले. अमावास्येचे उधाण त्याच वेळी असल्याने सलग पाच भरत्यांचे पाणी बेटावरून वाहिले. घरे गेली, रस्ता जागोजाग उखडला, आणि या वाळूवर वसाहत टिकणार नाही हे उघड झाले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २१ सप्टेंबर १९६५ रोजी सही केलेल्या कायद्याने बेट सार्वजनिक झाले. वाळूच्या टेकड्यांमधल्या पायवाटेवर त्या रस्त्याच्या डांबराचे तुकडे आजही दिसतात. मुक्कामाला येणाऱ्याने पोहण्याआधी ते पाहून यावे. आपण कशावर तंबू ठोकतो आहोत, हे त्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

बेट मुळात स्थिर नाही. मोठ्या वादळात लाटा टेकड्या फोडून आत शिरतात आणि पुळणीची वाळू खाडीच्या बाजूला नेऊन टाकतात. समुद्राकडची कड झिजते, खाडीकडची वाढते, आणि सारे बेट हळूहळू पश्चिमेला सरकते. उत्तर टोकाला या क्रियेला माणसाचा हातभार लागला. ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळाने ओशन सिटी या पर्यटनाच्या गावाच्या दक्षिणेला समुद्रमुख फोडले व ॲसटीग तेथून वेगळे झाले. बोटींसाठी हे मुख उघडे राहावे म्हणून लगेच दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले गेले. किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहणारी वाळू त्या बांधांशी अडली, ओशन सिटीची पुळण रुंदावली आणि ॲसटीगचे उत्तर टोक उपाशी पडून शेकडो मीटर आत सरकले. २००४ पासून अडलेली वाळू उपसून बेटाला परत देण्याचे काम चालते.

मुक्कामाच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. समुद्राकडच्या जागा टेकड्यांच्या आडोशाला असून त्यांतल्या काहींपर्यंत गाडी जाते, काहींपर्यंत सामान उचलून न्यावे लागते. खाडीकडच्या जागांना थोडी झाडी आणि सूर्यास्त मिळतो. नॅशनल सीशोरच्या हद्दीत टेबल, शेगडी, पिण्याचे पाणी, साधी शौचालये आणि गार पाण्याची न्हाणी एवढेच आहे. वीजजोडणी आणि गरम पाणी हवे असेल त्यांनी राज्याच्या उद्यानाकडे वळावे. या साधेपणातच बेटाची खरी गोडी आहे. रात्री दहानंतर आवाज बंद, आणि मग फक्त लाटा ऐकू येतात.

वाऱ्याचा विचार न करता आलेल्यांची येथे पहिल्याच संध्याकाळी तारांबळ उडते. नेहमीच्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत धरत नाहीत, वाऱ्याच्या झोताबरोबर त्या सुळकन निघून येतात. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या खोल ठोकाव्यात आणि तंबूची कमी उंचीची बाजू वाऱ्याकडे करावी. सावलीचे कापडही वेगळे लागते, कारण समुद्राकडे झाड नाही. टेकड्यांवरच्या गवतावर मात्र पाय देऊ नये. त्याच्या मुळांनीच वाळू धरून ठेवली आहे. सततच्या येण्याजाण्याने गवत मेले की त्याच फटीतून पुढच्या वादळाचे पाणी शिरते. शेकोटी पुळणीवर करता येते, पण भरतीच्या रेषेखाली.

ॲसटीगची ख्याती तेथल्या मोकाट घोड्यांमुळे आहे. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून ते पोहत आले अशी लोककथा आहे. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या वसाहतवाल्यांनी कुंपणाचे नियम आणि जनावरांवरचा कर टाळण्यासाठी सोडलेल्या घोड्यांचे ते वंशज असावेत, असे सामान्यतः मानले जाते. खाऱ्या दलदलीतले गवत खाऊन राहिल्याने त्यांना पाणी फार लागते, म्हणून पोटे फुगलेली दिसतात. राज्यांच्या सीमेवरच्या कुंपणाने त्यांचे दोन कळप केले आहेत. व्हर्जिनियाचा कळप शेजारच्या शिंकोटीग बेटावरच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा असून दर जुलैत तो खाडीतून पोहवत नेतात आणि शिंगरांचा लिलाव करतात. मार्गरीट हेन्री यांच्या ‘मिस्टी ऑफ शिंकोटीग’ या १९४७ च्या बालकादंबरीने ही प्रथा घरोघरी पोचवली. मेरीलँडचा कळप पूर्ण मोकळा आहे. १९९४ मध्ये त्याची वाढ आवरण्यासाठी माद्यांना दुरून संततिनियमनाची लस टोचण्यास सुरुवात झाली.

हे घोडे मुक्कामाच्या जागेतून सरळ चालत जातात. थंड डब्याचे झाकण तोंडाने उघडणे, टेबलावरचा पाव पिशवीसकट ओढणे, हे त्यांना जमते. म्हणून अन्न गाडीत कुलूपबंद ठेवायचे आणि घोड्यापासून निदान ४० फूट दूर राहायचे, असा नियम आहे. तो जाच वाटू नये. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की घोडा तंबूंमध्येच घुटमळतो, हुसकावणाऱ्याला चावतो, लाथा मारतो, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली येतो. ‘चिप’ नावाच्या एका नराला याच सवयीपायी २०२२ मध्ये बेटावरून कायमचे उचलून टेक्सासमधल्या प्राणी-आश्रयस्थानात न्यावे लागले. चूक त्याला पाव चारणाऱ्यांची, बेट मात्र त्याचे सुटले.

उन्हाळ्यात डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडी यांचा उपद्रव मोठा असतो, खाडीकडे विशेष. चिखल्या कुळातला पाइपिंग प्लोव्हर हा संरक्षित पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो, त्यामुळे विणीच्या काळात उत्तरेकडचे काही पट्टे बंद ठेवतात. लाटांनी सपाट केलेली वाळू त्याला चरायला लागते. ज्या वादळाने माणसाची सोय मोडते, त्यानेच या पक्ष्याची होते. दक्षिणेकडे पायी किंवा होडीने गाठायच्या आडबाजूच्या जागाही आहेत. तेथे प्यायचे पाणी मिळत नाही. सगळे पाठीवरून किंवा होडीतून न्यावे लागते.

मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आगाऊ आरक्षण लागते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा काळ सर्वांत चांगला. समुद्राचे पाणी अजून उबदार असते, गर्दी ओसरलेली असते, डासही कमी होऊ लागतात. तो चक्रीवादळांचाही काळ असल्याने हवामानाचा इशारा येताच तंबू उतरवून मुख्य भूमीवर परतण्याची तयारी ठेवावी.